ओले केस, गरम पट्ट्या आणि कोलशेतची लोकर

“स्ट्रेटनर किती डिग्रीवर ठेवू?” असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, केस किती ओले आहेत? समोरची व्यक्ती जरा वैतागते. पण एकटा आकडा काहीच सांगत नाही, आणि का सांगत नाही हे समजून घेणं हा संशोधनाच्या तयारीसाठी चांगला सराव आहे.

केस म्हणजे केराटिन. लोकर म्हणजेही केराटिनच. घोडबंदर रोड सोडून कोलशेतकडे वळलात की सँडोझ बागेजवळ वूल रिसर्च असोसिएशन लागते. रोज तिथून जाणाऱ्यांनाही आत काय चालतं ते सहसा माहीत नसतं. ठाण्याचं लोकरीशी नातं तसं जुनं, रेमंडची गिरणी इथे 1925 साली आली. केसांचं बरंचसं मूलभूत विज्ञान अशा लोकरीच्या अभ्यासातूनच आलंय. 1930 च्या दशकात लीड्समध्ये ॲस्टबरी यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की ताणलेल्या केराटिनमधल्या साखळ्यांची रचना बदलते आणि ताण सोडला की ती मूळ रूपात परतू शकते.

स्ट्रेटनर याच गुणाचा फायदा घेतो. साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सैल होतात, आणि केस कोरडा व थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून सरळ केलेली बट लगेच बांधायची नाही, थंड होऊ द्यायची. आणि म्हणूनच जुलैमध्ये कासारवडवलीच्या स्टॉपवर दहा मिनिटं उभं राहिलं की सगळी मेहनत पाण्यात. अक्षरशः पाण्यात, कारण पूर्ण दमट हवेत केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषू शकतो. हे नुकसान नव्हे. बंध सुटले, इतकंच. पुन्हा पुन्हा पट्ट्या फिरवून त्याच्याशी भांडायला गेलात, तर मात्र नुकसान होतं.

खरं नुकसान परत न फिरणारं असतं. कोरड्या केसातली केराटिनची सर्पिल रचना साधारण 230 अंश सेल्सिअसच्या पुढे मोडते. पाण्यात बंदिस्त ठेवून तापवलेल्या केसात तीच रचना 150 च्या आसपास मोडते. एकच पदार्थ, आणि ऐंशी अंशांचा फरक! शिवाय ओल्या केसावर गरम पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि केसात बुडबुडे तयार होतात. ‘बबल हेअर’ या नावाने हे 1986 मध्ये नोंदवलं गेलं. 1994 मध्ये गमर यांनी दाखवलं की ओलसर केसावर 125 अंशांची टाँग मिनिटभर धरली तरी बुडबुडे येतात. पट्टीखालून ‘चर्र’ आवाज आला की थांबा. केस जिवंत नसतो, तुटलेला भाग भरून येत नाही.

मग ड्रायर नकोच का? इथे 2011 चा एक कोरियन अभ्यास (ली आणि सहकारी) वाचण्यासारखा आहे. केसांच्या बटा धुऊन त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे वाळवल्या, प्रत्येक बट तीसदा. ड्रायर 15 सेंमी अंतरावर 60 सेकंद (47 अंश), 10 सेंमीवर 30 सेकंद (61 अंश), 5 सेंमीवर 15 सेकंद (95 अंश), आणि एक गट नुसता खोलीत वाळवलेला. उष्णता वाढली तसा पृष्ठभाग जास्त खराब झाला, हे अपेक्षितच. पण क्युटिकलच्या थरांना जोडणाऱ्या पेशीपटलाची इजा फक्त नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या गटात दिसली. लेखकांचा निष्कर्ष असा की 15 सेंमीवरून, सतत हलवत वापरलेला ड्रायर नैसर्गिक वाळवण्यापेक्षा कमी त्रासदायक.

आता जरा थांबून ती मांडणी पुन्हा बघा. अंतर, वेळ आणि तापमान तिन्ही एकत्र बदललंय. बट पूर्ण वाळायला हवी म्हणून तसं केलं, ते ठीकच. पण नुकसान तापमानामुळे की वाळण्याच्या वेगामुळे, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. तुम्ही प्रस्ताव लिहिणार असाल तर पहिला प्रयोग इथेच मिळेल: तापमान तेच ठेवून ओलावा बदला, मग उलट करा.

तोवर मी काय करते? टॉवेलने न घासता टिपते, ड्रायर वीतभर लांब आणि हलता ठेवते, स्ट्रेटनर पूर्ण कोरड्या केसावरच. 180 च्या पुढे जात नाही आणि एका बटेवरून एकदाच फिरवते. त्याहून कमी तापमानालाही केस अगदी सुरक्षित नसतो. 1998 मध्ये मॅकमलन आणि याखोविच यांना दीडशेच्या आसपासही केसातलं ट्रिप्टोफॅन मोडताना दिसलं होतं.

आणि खोबरेल? आईचा पहिला प्रश्न तोच होता. 2003 मध्ये मुंबईतल्या मॅरिकोच्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कंपनी खोबरेल विकते हे वाचताना लक्षात ठेवायचंच, पण तेवढ्यावरून पेपर बाजूला टाकायचा नाही, पद्धत तपासायची. ते मोजमाप धुण्याशी निगडित होतं, गरम पट्ट्यांशी नाही. त्यामुळे न्हाण्याआधी तेल लावायला त्यातून आधार मिळतो. स्ट्रेटनर फिरवण्याआधी तेल चोपडा, असं मात्र त्या पेपरमधून कुठेच निघत नाही.