दारूगोळ्याला मोकळं रान का लागतं?

दारूगोळ्याचा कारखाना कच्चा माल आणि बाजारपेठ पाहून उभारला जातो असं धरून चाललं, तर विदर्भाचा नकाशा उलगडत नाही. अंबाझरी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर आणि भद्रावती इथल्या आयुध निर्माणी साठच्या दशकातल्या, चीनच्या युद्धाने आपल्या शस्त्रसज्जतेची उणीव उघडी पाडली त्या काळातल्या. सीमा लांब, समुद्र लांब, रेल्वे मात्र जवळ, ही कारणं नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण क्षेपणास्त्रांच्या जमान्यात नागपूर तरी लांब कुठे राहिलं, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते शत्रूपेक्षा निर्णायक ठरते ती आपल्याच मालाची धास्ती. एका शेडमध्ये किती स्फोटक ठेवायचं, त्यावर शेजारची शेड, रस्ता आणि वस्ती किती दूर हवी हे ठरतं. एकीचा स्फोट दुसरीत पोचू नये म्हणून मध्ये मातीचे बांध घालतात. म्हणजे पुष्कळशी जमीन घ्यायची ती रिकामी ठेवायलाच. मग पुण्यात खडकीचा कारखाना कसा? 1869 मध्ये तो सुरू झाला तेव्हा खडकी ही गावाबाहेरची लष्करी छावणी होती. शहर नंतर येऊन भिडलं.

मोकळी जमीन इतरत्रही आहे, तरी खासगी उद्योग नागपूरकडेच का वळला? कारण कोळसा. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींना सुरुंगाची दारू रोज लागते, आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपुरातच आहे. 1995 मध्ये सुरू झालेली सोलर कंपनी आधी खाणींसाठी स्फोटकं बनवायची. पुढे तिच्याच उपकंपनीने सैन्याला हातबॉम्ब पुरवले. स्फोटकं हाताळण्याची सवय असलेली माणसं एका पिढीत तयार होत नाहीत. हा सगळा सरकारी धोरणाचा खेळ आहे, असं कोणी म्हणेल. पण 2018 मध्ये जाहीर झालेल्या उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरमध्येही कानपूर आहेच, आणि तिथे आयुध निर्माणी आधीपासून होत्या. म्हणजे धोरणही जुन्या कारखान्यांच्या मागेच जातं.

मागास भागाला रोजगार मिळतो, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. डिसेंबर 2023 मध्ये सोलरच्या बाजारगाव इथल्या कारखान्यात नऊ, जानेवारी 2025 मध्ये जवाहरनगरला आठ कामगार स्फोटात गेले. सुरक्षित अंतराचा नियम कुंपणाबाहेरच्या वस्तीला आडोसा देतो. शेडमध्ये हाताने काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तिथे यंत्रं आणायला खर्च येतो, आणि जमीन स्वस्त मिळाली म्हणून तो कमी होत नाही.