भरतीसाठी धावताय? आधी पाय समजून घ्या

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वस्तीतली मुलं-मुली पहाटे रस्त्यावर धावू लागतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावायचं असतं. थोड्याच दिवसांत कुणाची नडगी दुखते, कुणाच्या मांडीत चमक भरते आणि हाती आलेली संधी निसटते. यातलं बरंच टाळता येतं. त्यासाठी कोणत्या वेगाला कोणता स्नायू राबतो, ते माहीत हवं.

आधी चालणं पाहू. टाच टेकते तेव्हा नडगीपुढचा स्नायू पाऊल अलगद खाली सोडतो आणि मांडीच्या पुढचा स्नायू गुडघा सावरतो. शेवटी पोटरी जमिनीला रेटा देऊन शरीर पुढे ढकलते. उचललेला पाय बराचसा झोक्यासारखा आपोआप पुढे येतो. म्हणून माणूस तासन् तास चालू शकतो.

चालण्याचा वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास गेला की आपण न ठरवताच पळू लागतो. इतकं भरभर चालताना नडगीपुढच्या स्नायूवर फार ताण येतो, हे त्याचं एक कारण. पळू लागताच तो ताण हलका होतो आणि भार पोटरी व मांडीवर जातो.

पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळं वजन एकाच पायावर येतं. मांडीचा पुढचा स्नायू तो धक्का झेलतो, पोटरी पुन्हा उसळी देते. त्या वेळी पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीवर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट ताण येतो.

सहा मिनिटांत १६०० मीटर म्हणजे ताशी १६ किलोमीटर. या वेगाला पुढे रेटण्याचं मुख्य काम पोटरीचं. पण वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेला की पाऊल जमिनीवर फारच थोडा वेळ टेकतं आणि पोटरीला पुरेसा रेटा द्यायला सवड मिळत नाही. मग पाय भराभर फिरवावे लागतात. ते काम कमरेपाशी असलेल्या, नितंबाच्या आणि मांडीमागच्या स्नायूंचं. १०० मीटर चौदा सेकंदांत धावणारा याच वेगात असतो. पाय टेकण्याआधी मांडीमागचा स्नायू ताणलेला असतानाच पुढे झेपावणाऱ्या पायाला आवरतो. तो बहुधा तेव्हाच दुखावतो.

म्हणून दोन्ही धावांची तयारी वेगवेगळी करा.

पोटरीसाठी: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचला आणि सावकाश खाली सोडा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एखादी फेरी गुडघे किंचित वाकवून करा, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूलाही काम मिळेल.

१०० मीटरसाठी: अंग गरम न करता एकदम जोरात सुटू नका. आधी दहा मिनिटं हळू पळा, मग थोड्या अंतराच्या चार-पाच धावा वेग वाढवत घ्या. पूर्ण वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे.

दोन्हींसाठी: अंतर हळूहळू वाढवा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. आठवड्यातून एक-दोन दिवस पायांना विश्रांती द्या.

नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं थांबवा आणि सरकारी दवाखान्यात दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसतेच असं नाही. मुलीची पाळी थांबली असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण त्याचा हाडांच्या ताकदीशी संबंध आहे. वेदनाशामक गोळी खाऊन धावणं मात्र कुणीच करू नये. गोळीने दुखणं दबतं, चीर वाढतच राहते. काही आठवडे थांबावं लागलं तरी थांबा. चीर वाढून हाड मोडलं तर कित्येक महिने जातील.