आधी आंघोळ, मग पाण्यात

जपानला निघालेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. रेल्वेचा पास कुठला, मार्चमध्ये थंडी किती, वगैरे. मग डोंगरातल्या गरम पाण्याच्या ऱ्योकानाचा, म्हणजे पारंपरिक जपानी निवासाचा, विषय निघतो आणि आवाज खाली येतो: "तिथे सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात म्हणे?"

काढावे लागतात, अगदी सगळे. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पण सगळ्यांसमोर नाही. पुरुषांची आणि बायकांची स्नानगृहं वेगळी असतात. दारावर नोरेन म्हणजे कापडी पडदा टांगलेला असतो. बहुधा निळा पुरुषांचा, लाल बायकांचा, पण रंगावर फार विसंबू नये. त्यावरचं अक्षर ओळखायला शिकावं, कारण बऱ्याच ऱ्योकानांत रात्री उशिरा किंवा पहाटे हे पडदे अदलाबदल करतात, म्हणजे दोन्हीकडची कुंडं सगळ्यांच्या वाट्याला येतात. रात्रीच्या सवयीने सकाळी अर्धवट झोपेत त्याच दारात शिरणारा पाहुणा दर वर्षी कुठे ना कुठे सापडत असणार, याची मला खात्री आहे.

एकत्र आंघोळीची जुनी पद्धत तिथे होती, हे खरं. मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, पाश्चात्त्य पाहुणे काय म्हणतील या काळजीने सरकारने तिच्यावर बंधनं आणली. तरी काही जागा उरल्यात. आओमोरीत हाक्कोदा डोंगरातल्या सुकायूचं लाकडी स्नानगृह 'हजार जणांचं' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे आजही स्त्रीपुरुष एकाच दालनात असतात, मात्र बायकांसाठी स्वतंत्र वेळ राखलेली असते. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी अपवादच. चुकून तिथे जाऊन पोचाल, ही भीती नको.

दुसरा गैरसमज जास्त गमतीचा आहे. गरम कुंडात आंघोळ करायची असते, असं आपण धरून चालतो. कुंडात आंघोळ करायचीच नसते, ती आधी उरकायची असते. भिंतीलगत नळ, शॉवर, गुडघ्याएवढंही उंच नसलेलं स्टूल आणि एक घंगाळवजा भांडं. त्या स्टुलावर बसून डोक्यापासून पायापर्यंत साबण लावायचा आणि फेसाचा कणही राहणार नाही असं धुवायचं. उभं राहायचं नाही, शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. पाटावर बसून तांब्या-बादलीने आंघोळ केलेल्या आपल्या पिढीला यात नवं काहीच नाही. उलट शॉवरखाली वाढलेली नातवंडंच गोंधळतात. सोबत मिळणारा छोटा टॉवेल म्हणजे आपला पंचाच. तो पाण्यात बुडवायचा नाही. म्हणून कुंडातली माणसं तो घडी करून डोक्यावर ठेवतात. फोटोत ती टोपीसारखी घडी पाहून कुणाला तो कसलासा विधी वाटतो. विधी कसला, पंचा ठेवायला दुसरी कोरडी जागा नसते, एवढंच.

हे सगळं पाण्यासाठी. पाणी एक आणि उतरणारे अनेक. तेवढं लक्षात ठेवलं की ऱ्योकानातले निम्मे नियम आपोआप उलगडतात.

आता त्या पाण्याबद्दल. ओन्सेन म्हणजे ज्वालामुखीच्या पोटातून आलेलं कढत पाणी, ही समजूत अर्धीच बरोबर. जपानच्या 1948 च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून वर येताना पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा जास्त असावं, नाहीतर ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात त्यात असावा. म्हणजे गार झराही कायद्याने ओन्सेन ठरू शकतो. ते पाणी मग तापवून कुंडात सोडतात. कोबेजवळच्या डोंगरातलं आरिमा हे जपानमधल्या सगळ्यात जुन्या ओन्सेनांपैकी एक, पण त्याच्या आसपास जागता ज्वालामुखी नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको. वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्याला तरी कुठे ज्वालामुखी आहे? आरिमाचं 'सोनेरी' पाणी झऱ्यातून येताना स्वच्छ असतं. त्यात लोह भरपूर, हवा लागली की गंजाच्या रंगाचं होतं.

आणि ते पाणी नेहमी ताजंच असतं का? नाही. नागानो प्रांतातलं शिराहोने दुधी पाण्यासाठी नावाजलेलं. 2004 मध्ये उघडकीला आलं की तिथल्या काही कुंडांत पाणी पांढरं दिसावं म्हणून पूड मिसळली जात होती. देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षापासून पाणी तापवलंय का, त्यात साधं पाणी घातलंय का, तेच पाणी गाळून फिरवलं जातं का, काही मिसळलंय का, हे लिहून लावणं बंधनकारक झालं. कपडे बदलण्याच्या खोलीतला तो कंटाळवाणा फलक फोनच्या भाषांतराने वाचावा, पण कपडे काढायच्या आधी आणि खोलीत दुसरं कुणी नसताना. तिथे फोन बाहेर काढणं कुणालाच आवडत नाही. 'काकेनागाशी' असा शब्द दिसला तर समजावं की झऱ्याचं पाणी एकीकडून येतंय आणि दुसरीकडून वाहून जातंय.

कुसात्सू या ओन्सेनच्या गावात पाण्याचं पाणीपण राखण्याचा हट्ट पाहण्यासारखा आहे. पाणी फार कढत, पण गार पाणी घातलं तर पातळ होणार. म्हणून लांब लाकडी फळ्यांनी ते ढवळून निववायचं. याला युमोमी म्हणतात. आज तो गाण्यासह दाखवायचा खेळ झालाय, पण मूळ हेतू हाच. तिथलं पाणी चांगलंच आम्लधर्मी आहे, खरचटलेलं असेल तर झोंबतं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी आणि पैंजण खोलीतच राहू द्यावीत.

औषधी गुणांबद्दल फार बोलत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीतल्या त्याच फलकावर पाणी कशाला उपकारक आणि कुणी उतरू नये हे दोन्ही लिहिलेलं असतं. त्या 'उतरू नये'च्या यादीत पूर्वी गर्भवती बायका होत्या. 2014 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्यांना यादीतून काढलं. जुनी प्रवासपुस्तकं अजून तेच जुनं सांगत बसतात. तरी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि दारू पिऊन कुणीच उतरू नये.

गोंदवलेल्यांना हाकलतात, हे ऐकलेलं असतं. याकुझा टोळ्यांच्या अंगभर गोंदणामुळे ही बंदी आली. 2015 मध्ये जपानच्या पर्यटन खात्याने पाहणी केली तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी साधारण 56 टक्के ठिकाणी मनाई होती, 31 टक्के ठिकाणी मोकळीक आणि बाकी ठिकाणी झाकलं तर परवानगी. म्हणजे सरसकट काहीच नाही. आजीच्या मनगटावर तुळशीवृंदावन असेल तर आधी विचारून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी कुटुंबापुरतं कुंड तासाभरासाठी मिळतं, तो सगळ्यात सोपा मार्ग.

खरा घोळ जेवणात होतो. "आम्ही मांस खात नाही" एवढं सांगून आपण निश्चिंत होतो. मासे मात्र त्यांच्या लेखी मांसात येत नाहीत. बरं, मासा ताटात दिसला नाही तरी दाशी असतंच. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं हे पाणी मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, तेंपुराच्या चटणीवजा पाण्यात, सगळीकडे. समोरचं भोपळ्याचं सुंदर फूल शाकाहारी दिसतं, पण असतंच असं नाही. कोंबू या समुद्रशेवाळाचं किंवा वाळवलेल्या शिताके अळिंबीचं दाशी शाकाहारी असतं, तेव्हा मासा, मांस आणि माशाचं दाशी, तिन्ही नकोत असं खोली राखतानाच लिहून कळवावं. दारात जाऊन सांगण्यात अर्थ नाही. दहाबारा छोट्या पदार्थांचं ते काईसेकी जेवण तुमच्या नावाने सकाळपासून शिजत असतं, म्हणून तर संध्याकाळी सहा-सातला वेळेवर हजर राहावं लागतं. काही ऱ्योकानं सरळ नाही म्हणतात, तो उद्धटपणा नसतो. शाकाहारात तडजोड नको असेल तर कोयासानच्या डोंगरावरच्या मठांत राहावं. तिथलं शोजिन जेवण मूळचंच शाकाहारी, कांदा-लसणाशिवाय.

ऱ्योकानाचा भाव पाहून छाती दडपते, त्यालाही हे जेवणच कारण. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व नाश्ता धरलेला असतो. वर बहुतेक गावांत माणशी 150 येनच्या आसपास स्नानकर. शिवाय सगळी ऱ्योकानं श्रीमंती नसतात. तोजी म्हणजे पाण्याच्या उपचारासाठी आठवडाभर राहणाऱ्यांची साधी वसतिस्थानं असतात. तिथे आपला भात आपण शिजवायचा. टीप कुठेच द्यायची नाही.

आणि हेही विचारतात, म्हणून सांगतो: फोटोतल्या त्या माकडांबरोबर डुंबता येत नाही. जिगोकुदानीच्या उद्यानातलं कुंड माकडांचंच आहे.

जेवून खोलीत परतावं तर मधलं टेबल भिंतीला सरकलेलं असतं आणि तातामीच्या चटयांवर गाद्या घातलेल्या असतात. झोपायला युकाता, म्हणजे सुती झगा. त्याचा डावा पदर वर घ्यायचा. उजवा वर घेतात तो फक्त प्रेताला. चुकलं तर कामवाल्या मावशी बहुधा न बोलता नीट करून देतात. पहाटे पुन्हा पाण्यात उतरावं, तेव्हा गर्दी सगळ्यात कमी असते. दारातला पडदा तेवढा बघून.