आठ तासांचें बेट

सकाळचे आठ वाजले आहेत असें समजा. वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया बेटाची राजधानी कॅस्ट्रीझ. तिच्या धक्क्याला एक अवाढव्य बोट नुकतीच लागली आहे. ती इतकी उंच कीं, गांवांतील कोणतीहि इमारत तिच्यापुढें ठेंगणी दिसावी. उतारूंना ताकीद मिळाली आहे कीं, बोट सायंकाळीं पांचास सुटेल आणि साडेचारच्या आंत प्रत्येकानें परत चढलें पाहिजे. तेवढ्या वेळांत एक देश पाहावयाचा आहे! या देशाची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. पण त्यानें अर्थशास्त्रांत ऑर्थर लुईस (१९७९) आणि वाङ्मयांत डेरेक वॉलकॉट (१९९२) असे नोबेल पारितोषिकाचे दोन मानकरी जगाला दिले आहेत.

मुक्काम इतका आंखूड कां, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर बेटावर नाहीं, बोटीच्या हिशोबांत आहे. सात रात्रींच्या फेरींत तीन-चार बंदरें दाखवावयाचीं, तर बोटीनें रात्रीं चालावें आणि दिवसा थांबावें हेंच सोयीचें. संध्याकाळीं लवकर निघालें म्हणजे सावकाश चालतां येतें आणि तेल वांचतें. शिवाय बोट बंदरांत उभी असतांना तिच्यावरील जुगाराचीं दालनें व दुकानें बहुतेक ठिकाणीं बंद ठेवावीं लागतात. तेव्हां उतारू जितका वेळ जमिनीवर, तितकी कंपनीची मिळकत कमी.

यांत एका कायद्याचीहि भर आहे. अमेरिकेंत १८८६ सालीं झालेल्या कायद्यान्वयें परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत उतारू नेतां येत नाहींत. सहलीच्या मोठ्या बोटी बहुधा बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेल्या असतात. त्यामुळें मायामीहून निघून मायामीलाच परतावयाचें असलें तरी वाटेंत एखाद्या परदेशी बंदराला लागणें त्यांना भाग पडतें. तेथें उतरून कोणी काय पाहिलें याची कायद्याला फिकीर नाहीं. बोट लागली म्हणजे झालें.

नकाशा उघडून पाहिलात तर आणखी एक गंमत दिसेल. कॅस्ट्रीझ, डोमिनिकाचें रोझो, ग्रेनाडाचें सेंट जॉर्जेस, बार्बाडोसचें ब्रिजटाऊन हीं सारीं बंदरें आपापल्या बेटाच्या पश्चिम अंगाला आहेत. या भागांत वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. अटलांटिकच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर आदळतात, आणि डोंगरांच्या आडोशानें पश्चिमेचें पाणी शांत राहतें. एका दिवसाच्या पाहुण्याला बेटाची ही सौम्य बाजूच तेवढी दिसते. वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. त्यामुळें सहलींचा खरा हंगाम त्यानंतर, एप्रिलपर्यंत. आपल्या कोंकणांत नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होतो, तसेंच कांहींसें हें आहे.

कोंकणच्या बोटीनें प्रवास केलेल्या वृद्ध मंडळींना पडाव आठवत असतील. बोट खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर नेत. ग्रँड केमन बेटाच्या जॉर्जटाऊन बंदरांत आजहि तसेंच चालतें. मोठ्या बोटींना लागण्याजोगा धक्का तेथें नाहीं. लहान नौकांतून हजारों माणसें ने-आण करावीं लागतात, आणि समुद्र खवळला तर मुक्कामच रद्द होतो. धक्का बांधावा कीं नाहीं यावर ३० एप्रिल २०२५ रोजीं लोकमत घेतलें, तेव्हां बहुमतानें नकार दिला. प्रवाळाची हानि आणि गर्दीचा भार या दोन गोष्टी विरोधकांच्या बोलण्यांत प्रामुख्यानें होत्या.

आतां पुनः कॅस्ट्रीझकडे येऊं. येथें उतरणाऱ्या बहुतेकांची धांव पितों नांवाच्या दोन शंक्वाकृति डोंगरांकडे असते. रस्ता नागमोडी, जाऊन येऊन अडीच-तीन तास सहज मोडतात. माझ्या मतें ते डोंगर समुद्रावरून पाहावे. तसे ते अधिक शोभतात, आणि वांचलेला वेळ गांवाला द्यावा. पोंत सेराफीनच्या धक्क्यापासून बाजार पंधरावीस मिनिटांच्या चालीवर आहे. जून १९४८ मधील आगींत शहराचा मोठा भाग जळाला. म्हणून जुन्या इमारती थोड्याच उरल्या आहेत. परंतु पूर्वीं कोलंबसाचें नांव असलेला आणि १९९३ पासून वॉलकॉटच्या नांवानें ओळखला जाणारा चौक, त्यांतील प्रचंड शिरीषवृक्ष आणि समोरचें कॅथेड्रल तेवढें पाहिलें तरी फेरी सार्थकीं लागते. कॅथेड्रलच्या भिंती डन्स्टन सेंट ओमर यांनीं रंगविल्या. देशाचा ध्वजहि त्यांच्याच हातचा. बाजारांत जायफळ, दालचिनी, कोको मांडून बसलेल्या बायका आपसांत क्रेओल बोलतात आणि तुमच्याशीं इंग्रजी.

याच बंदरांत १९ व्या शतकाच्या अखेरीस आगबोटी कोळसा घेण्यासाठीं थांबत. तो कोळसा बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फळीवरून चढवीत. पुढें केळ्यांच्या बोटी आल्या, आतां सहलीच्या. बंदर तेंच, बोटींच्या पोटाची भूक मात्र बदलत गेली.

बेटाच्या पदरांत काय पडतें? सरकारला दरडोई कर, टॅक्सीवाल्याला भाडें, बाजारवालीला थोडी विक्री. उतारूचें जेवण बोटीवर आधींच चुकतें झालेलें असतें, म्हणून खानावळी ओस. कंपन्यांनीं तर स्वतःचीच बेटें धरलीं आहेत. १९७७ सालीं एका कंपनीनें बहामांतील ग्रेट स्टिरप के घेतलें, आणि १९८६ पासून हैतीचा लाबादी किनारा दुसरीकडे भाड्यानें आहे. तेथें शहाळ्याचा पैसासुद्धां पुष्कळदां कंपनीच्याच पेटींत जातो. तरी बेटें या बोटींना दूर लोटूं शकत नाहींत. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें फेऱ्या थांबल्या आणि वर्षाहून अधिक काळ धक्के ओस पडले, तेव्हां टॅक्सीवाल्यांच्या घरीं काय झालें असेल याची कल्पना करा.

आणखी एक वर्ग आहे, त्याचें नांव सहसा निघत नाहीं. बोटीवर वाढपी, आचारी, साफसफाईवाले म्हणून गोव्याचे आणि मुंबईचे कितीतरी तरुण असतात. त्यांना आठ तास मिळत नाहींत. दुपारच्या पंक्तीआधीं दोन तास मोकळे मिळाले, तर ते धक्क्याजवळ स्वस्त इंटरनेट शोधतात आणि घरीं बोलतात. कॅस्ट्रीझला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे सायंकाळचे साडेसात. दिवेलागण होऊन गेलेली, मुलें अजून जागीं.

जातांना एक लक्षांत ठेवावें. बोटीचें घड्याळ आणि बेटाचें घड्याळ कधीं कधीं एक तासानें वेगळें असतें. कंपनीच्या सहलीवर गेलेल्यांसाठीं बोट थांबते. स्वतंत्र गेलेल्यांसाठीं थांबेलच असें नाहीं. मागें राहिलेल्यानें स्वखर्चानें पुढचें बंदर गांठावयाचें असतें. तें ब्रिजटाऊन असेल तर धक्क्यापासून केन्सिंग्टन ओव्हल चालत जाण्याइतकें जवळ आहे. २९ जून २०२४ रोजीं रोहित शर्माच्या संघानें विश्वचषक जिंकला तो तेथेंच.