चामखिळीतून उद्भवणारा कर्करोग : निदान व उपचार

जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराभोवती उठणारी चामखीळ पॅपिलोमा विषाणूमुळे होते व बहुधा निरुपद्रवी असते. क्वचित मात्र ती वर्षानुवर्षे वाढत जाऊन फुलकोबीच्या गड्ड्यासारखी होते. तिला दुर्गंधी येते, रक्तस्राव होतो आणि ती खालच्या मांसात रुतत जाते. बुश्के व लोवेनश्टाइन या जर्मन वैद्यांनी १९२५ साली या गाठीचे वर्णन केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या रोगाचे निदान सोपे नाही. गाठीत बहुधा ६ व ११ या क्रमांकांचे, म्हणजे एरवी सौम्य समजले जाणारे विषाणू सापडतात. वरवरचा तुकडा काढून तपासल्यास पेशी निर्दोष दिसतात आणि 'साधी चामखीळ' असा अहवाल येतो. कर्करोगाची खूण तळाशी दडलेली असू शकते. म्हणून निरनिराळ्या जागांचे, मुळापर्यंत पोहोचणारे तुकडे तपासणे आवश्यक असते. गाठ किती खोल गेली आहे हे एमआरआय चित्रणावरून कळते. जांघेत अवधाण आले म्हणजे रोग पसरलाच, असे नव्हे. पुष्कळदा ते केवळ जंतुसंसर्गामुळे येते. एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, कारण प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता चामखीळ झपाट्याने वाढते.

लहान चामखीळ औषधाच्या लेपाने, गोठवून किंवा विजेच्या साहाय्याने जाळून घालविता येते. मोठ्या गाठीवर हे उपाय पुरे पडत नाहीत. ती भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह समूळ कापून काढणे हाच मुख्य उपचार होय. किरणोपचारानंतर काही गाठींनी अधिक उग्र रूप धारण केल्याची नोंद असल्याने शस्त्रवैद्य तो मार्ग जपून वापरतात. गाठ लहान असतानाच शस्त्रक्रिया झाली तर अवयव वाचतो. उशीर झाल्यास शिश्नाचा भागही गमवावा लागतो.

आणि उशीर होतो तो संकोचामुळेच. घोड्याचा केस बांधणे, चुना लावणे असे उपाय गुपचूप चालू राहतात. पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या डोंबिवली-कल्याणच्या नोकरदाराला तर रजा कशासाठी हवी, हे सांगणेच अवघड वाटते! वस्तुतः पहिल्या तपासणीसाठी कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये जवळच आहेत. ठाण्याच्या रुग्णांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय सोयीचे असून त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. कर्करोगाचा संशय आल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय मध्य रेल्वेच्या याच मार्गावर आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणलेली सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ व १८ या चारही क्रमांकांच्या विषाणूंपासून संरक्षण देते. उठलेली चामखीळ मात्र तिने जात नाही. शस्त्रक्रियेनंतरही गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवू शकते. म्हणून जखम भरली तरी काही वर्षे नेमाने तपासणीस जावे लागते, आणि जोडीदाराचीही तपासणी करून घ्यावी लागते.