पैठण-पंढरपूर मार्ग : खर्ड्यातील जुन्या वाटेचा महामार्ग होताना

अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेलगत, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेले खर्डा (ता. जामखेड) हे गाव १७९५ च्या लढाईमुळे सर्वांना परिचित आहे. त्या वर्षी ११ मार्च रोजी निजाम अलीखानाची फौज खर्ड्याहून परांड्याकडे निघाली असताना मराठी सैन्याने तिला गाठले. निजामाला माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तहास मान्यता द्यावी लागली.

याच दिशेने आषाढी वारीसाठी संत एकनाथ महाराजांची पालखी जाते. पैठणहून निघालेले वारकरी रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, परांडा या मार्गाने पंढरपूर गाठतात. पूर्वी राज्य व जिल्हा रस्त्यांचा भाग असलेला हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ७५२ ई म्हणून ओळखला जातो.

क्रमांकाचा अर्थ

देशातील रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्रामीण अशी वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेने रूढ केली. राज्य महामार्गाचा खर्च राज्य शासन करते, तर राष्ट्रीय महामार्गाची जबाबदारी केंद्राची असते. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. त्या पद्धतीनुसार तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग दर्शवितात. ७५२ ही मालिका धुळे, बीड, सोलापूरमार्गे जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या महामार्गाच्या शाखांची आहे.

जमिनीचा प्रश्न

दर्जा वाढला की रुंदी वाढते आणि त्यासाठी रस्त्याकडेची शेते, घरे व दुकाने यांचा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मधील कलम ३ अ नुसार भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांतच हरकत घेता येते. कलम ३ ड ची घोषणा झाल्यावर जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. त्यानंतर वाद उरतो तो प्रामुख्याने मोबदल्याचा. त्यामुळे अधिसूचनेतील गट क्रमांक व क्षेत्र सातबाऱ्याशी वेळीच ताडून पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरते.

रुंद रस्त्यामुळे वाहनांचा वेग वाढतो, वारकरी मात्र पायीच चालतात. कडेची सावली, पाणी आणि चालण्यासाठी स्वतंत्र जागा राहिली, तरच हा महामार्ग खऱ्या अर्थाने पालखी मार्ग ठरेल.