उदराघाताच्या निदानात लॅपरोस्कोपीचे स्थान

प्रस्तावना :
वाहनांचे अपघात, उंचावरून पडणे किंवा धारदार शस्त्राचा वार यांमुळे पोटाला होणारी इजा बाहेरून दिसते त्याहून आत अधिक गंभीर असू शकते. पूर्वी शंका आल्यास पोट उघडून पाहणे, म्हणजेच लॅपरोटॉमी करणे, हाच खात्रीचा मार्ग मानला जाई. परंतु अनेकदा आत कोणतीही इजा आढळत नसे आणि रुग्णाला मोठ्या छेदाच्या वेदना, आतडी एकमेकांस चिकटणे, व्रणाच्या जागी हर्निया होणे असे परिणाम विनाकारण भोगावे लागत. लॅपरोस्कोपीचे महत्त्व या संदर्भात लक्षात घ्यावे लागते.

पार्श्वभूमी :
१९०१ मध्ये जर्मनीतील जॉर्ज केलिंग यांनी कुत्र्याच्या उदरपोकळीत हवा भरून दुर्बिणीने पाहणी केली. १९१० मध्ये स्वीडनमधील हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी मानवी रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९६५ मध्ये उदरपोकळीत द्रव सोडून तो तपासण्याची पद्धत मांडली गेली. तिने रक्तस्राव कळे, परंतु तो कोठून होतो हे कळत नसे. पुढे सोनोग्राफी व सी.टी. स्कॅन यांमुळे निदान अधिक सुकर झाले.

कार्यपद्धती व उपयुक्तता :
रुग्णास पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ लहान छेद घेतला जातो. कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून कॅमेरा जोडलेली दुर्बीण आत सोडली जाते. वायूचा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत ठेवतात. भोसकल्याच्या जखमेत शस्त्र उदरावरण भेदून आत गेले आहे काय, याचे उत्तर या पद्धतीने प्रत्यक्ष मिळते. ते भेदले गेले नसल्यास लॅपरोटॉमी टळते. डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागातील वारात श्वासपटलाला पडलेले लहान छिद्र सी.टी. स्कॅनमध्येही निसटू शकते. ते दुर्बिणीने दिसते व बहुधा त्याच वेळी शिवताही येते. असे छिद्र राहून गेल्यास कालांतराने पोटातील अवयव छातीत सरकण्याचा धोका असतो.

मर्यादा :
रक्तदाब खालावलेल्या, अस्थिर रुग्णासाठी ही पद्धत योग्य नाही. वायूच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. शिवाय अशा वेळी विलंब प्राणघातक ठरतो. त्या रुग्णाला तत्काळ लॅपरोटॉमीच हवी. डोक्याला गंभीर मार असल्यास मेंदूवरील दाब वाढू शकतो. श्वासपटल फाटलेले असल्यास वायू छातीत शिरून फुप्फुस दबू शकते. आतड्याची लहान इजा तसेच उदरावरणामागील अवयवांची इजा नजरेतून सुटू शकते. मुक्या मारातील स्थिर रुग्णाबाबत म्हणूनच सी.टी. स्कॅनला प्रथम प्राधान्य दिले जाते.

निष्कर्ष :
लॅपरोस्कोपी ही लॅपरोटॉमीची सरसकट जागा घेणारी पद्धत नव्हे. तिचे यश उपकरणाइतकेच रुग्णाच्या निवडीवर आणि शल्यविशारदाच्या अनुभवावर अवलंबून आहे. रुग्ण स्थिर आहे किंवा नाही, हा प्रश्न प्रथम सोडविला तरच अनावश्यक छेद टाळता येतो आणि आवश्यक छेदास विलंबही होत नाही.